माझी चाल बाकी आहे

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज दुपारी माझ्या साम्राज्याचा अस्त झाला, आणि त्या प्रसंगी मला देण्यात आलेली खारी नरम होती. दोन्हींची नोंद व्हावी, खारीची आधी. साम्राज्यं येतात-जातात. पण फखरुद्दीनच्या कारखान्यातली खारी कामगारांच्या चहासाठी रोज बेकरीतून ताजी येते, मी ती वर्षानुवर्षं खात आलोय, आणि ती चहात बुडवण्याआधीच वाकावी ही अनवस्था आहे. त्याच्या बायकोला, हबीबाभाभींना, तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "हवा दमट हाय, भाई." नोव्हेंबरात.

आता साम्राज्याबद्दल. फखरू माझा पाचवीपासूनचा मित्र, लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखानदार. शुक्रवारी भिवंडीतल्या लूमना सुट्टी, आणि ठाण्याच्या ज्या दैनिकाचा मी इथला वार्ताहर आहे, त्याला शनिवारच्या अंकात भिवंडी सहसा लागत नाही. त्यामुळे नमाज आणि जेवण उरकलं की आम्ही दोघं त्याच्या कारखान्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जगाचा इतिहास चालवतो. गेम त्याच्या मुलीने, इरमने, घालून दिला. एका वस्तीपासून सुरुवात करायची आणि पाळीपाळीने चाली करत राज्य वाढवायचं. बाकीची राज्यं कॉम्प्युटर चालवतो. एकाची चाल चालू असताना दुसऱ्याने नकाशा बघायचा नाही, म्हणून त्याने बाहेर लूमच्या दाराशी बाकावर बसायचं, असा आमचा तह आहे.

मी शेजाऱ्यांची शहरं घेतली. तोफा ओतल्या. फखरूने आख्ख्या इतिहासात एक बाण सोडला नाही. आणि आज माझं आरमार त्याच्या बंदरासमोर उभं असताना पडद्यावर कबुतरं उडाली आणि इंग्रजीत आलं की फखरुद्दीनला राजनैतिक विजय मिळालेला आहे.

"हे काय?" मी विचारलं.

"जिंकलो वाटतं." फखरू लूममध्ये वाढलेल्या माणसासारखा ओरडून बोलतो, खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असली तरी.

"कोणाला हरवलंस?"

"कोणालाच न्हाय."

"मग जिंकलास कसा?"

"मतं पडली."

इरमने समजावलं. जगाची एक सभा असते. कुठे पूर आला, वादळ आलं की मदत मागितली जाते. जो मदत पाठवतो त्याला गुण मिळतात. छोटी-छोटी शहरं त्याच्या बाजूला होतात, ठरावांवर मतं पडतात, आणि वीस गुण झाले की खेळ संपला.

"काका, तुम्हालाही मदतीचा निरोप यायचा की दर वेळी. तुम्ही काय करायचात?"

मी पूर आलेल्या शहरावर भालाईत पाठवायचो. बुडालेलं शहर घ्यायला सोपं असतं. हे मी इरमला सांगितलं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

दोन दिवस झाले, राग उतरत नाही.

पाठशाळेत सात वर्षं घासलेला माणूस आहे मी. शेलार गावच्या आगरी घरातून शेंडी ठेवून संस्कृत शिकायला गेलेला पहिला आणि, गावाच्या सुदैवाने, शेवटचा. राजाचे सहा गुण मला झोपेत उठवून विचारा: संधी, विग्रह, यान, आसन, संश्रय, द्वैधीभाव. पूरग्रस्तांना तांदूळ पाठवून सार्वभौम होणं हा सातवा गुण एकाही आचार्याला सुचला नाही, आणि तो दहावीत बीजगणितात माझ्या पेपरवर विसंबून राहिलेल्या फखरुद्दीनला सुचला.

कमळाने, माझ्या बायकोने, ताट वाढलं तेव्हा मी हे सगळं तिला सांगितलं.

"खेल हाय ना त्यो?" ती म्हणाली.

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मंग तत्त्व खा. भाकर झाकून ठेवतंय मी."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

नवा डाव. मी जाहीर केलं की या वेळी मीही दानशूर होणार. फखरू म्हणाला, "हो ना पंडित, कोणी अडवलंय?" आणि हसला. आज तो तरुण दिसत होता. नीट बघितलं तर त्याच्या भुवया काळ्या. आयुष्यभर त्या भुवयांवर कापसाचं तूस बघितलंय मी; शाळेत असतानाही तो म्हातारा दिसायचा.

"भुवया धुतल्यास की काय?"

"वहिनीला सांग, तुझ्यापण धुवून देईल."

त्याची चाल चालू असताना बाकावर बसलो होतो. लूमच्या दाराखालच्या फटीतून एक मांजरी बाहेर आली, मागोमाग तीन पिल्लं. डोळे उघडलेली, पायांवर चालणारी, म्हणजे चांगली तीन-चार आठवड्यांची. लूमच्या शेडमध्ये बाळंतपण करणारी मांजरी भिवंडीच्या इतिहासात पहिलीच असावी. बिचारीला उद्या लूम सुरू झाले की कळेल. फखरूला म्हटलं, तुझ्याकडे प्रसूतिगृह निघालंय. तो माऊसवरून नजर न उचलता म्हणाला, "असू दे. कोणाला त्रास न्हाय तिचा."

दुष्काळाचा निरोप आला, मी धान्य पाठवलं. फखरूने माझ्या दुप्पट पाठवलं. तिसरी एक कॉम्प्युटरची राणी, जिला मी गेल्या डावात समूळ उखडलं होतं, तिनेही माझ्यापेक्षा जास्त पाठवलं. दानातसुद्धा स्पर्धा असते ही माहिती नवी आणि संतापजनक आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

पाणीपुरवठ्याच्या बातमीसाठी धामणकर नाक्याला गेलो होतो. तिथे शेअर रिक्षाच्या रांगेत एजाज. फखरूच्या लूमवरचा जुना कारागीर, खाकी शर्ट घालून रिक्षा चालवत होता. मला बघून "सलाम, केसरीभाई," म्हणाला आणि लगेच मान वळवून सीट भरायला लागला. रात्रपाळीला लूम आणि दिवसा रिक्षा. माणसं किती राबतात. यावर एक स्तंभ लिहावा. डेस्कवरचा पोरगा माझ्या 'तथापि'चं 'पण' करतो, 'श्रमतपस्या' या शब्दाचं तो काय करील या विचाराने बेत सोडला.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज सूड घ्यायचा दिवस होता आणि माझ्या हातात काय उरलं ते बघा.

सभा भरली. ठराव होता: अमुक राजाला दोन गुण द्यावेत, किंवा त्याचे दोन कापावेत. फखरूचे पंधरा झालेले. मी शतकानुशतकं साठवलेली सगळी मर्जी, इरम तिला फेवर म्हणते, एका दमात खर्च केली आणि फखरूचे दोन कापायला मतं टाकली. मांडलिक शहरंही माझ्या बाजूने. ठराव प्रचंड बहुमताने मंजूर. मी टेबलावर थाप मारली, चहा सांडला.

तरी फखरूचा एकच गुण कमी झाला.

"घोटाळा आहे," मी म्हणालो.

इरम वाकून बघायला लागली. "काका, जो जिंकणाऱ्या बाजूला मत देतो त्याला एक गुण मिळतो. अब्बांनी स्वतःच्याच विरोधात मत दिलं."

"स्वतःच्या?"

"दिसत होतं ना सगळे कुठे चाललेत ते," फखरू म्हणाला. आज पहिल्यांदा तो हळू बोलला, म्हणून मला वाक्य नीट लागलं नाही, परत विचारावं लागलं. "म्हटलं, कापणारच हायत तर आपणपण हात वर करू. कमी लागतं."

हा मनुष्य मला शाळेत साधा वाटायचा. चाळीस वर्षं वेड पांघरून बसलाय.

घरी येताना ठरवलं, पुढच्या डावाच्या आधी नियमच बदलायचे. कुठेतरी बंद करायची सोय असेलच.

सोमवार, १ डिसेंबर

डेस्कचा फोन. लूम बंद पडतायत त्यावर आठशे शब्द, रविवारच्या पुरवणीला. हा विषय मी इतक्या वेळा लिहिलाय की जुनी प्रत काढून वर्ष बदललं तरी चालतं. धाग्याचा भाव, वीज, चीनचं कापड, गोदामांना मिळणारं भाडं. लिहिताना एक वाक्य छान जमलं: या गावात कुठला कारखाना गेला हे आम्हाला कोणी सांगावं लागत नाही, गल्लीतून चालताना आवाजावरून कळतं.

कमळाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "फखरूभाऊंना इचारलंव का?"

"त्याला काय विचारायचं? त्याचा चालू आहे."

ती कोळंबी सोलत बसली. कोळंबी सोलताना कमळा एरवी गप्प बसत नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

सापडलं. डाव मांडतानाच एक चौकोन असतो, त्यातली खूण काढली की राजनैतिक विजय हा प्रकारच नाहीसा होतो. मग युद्ध करा, विज्ञान करा, पण मतं मागता येणार नाहीत. इतका आनंद झाला की शुक्रवारपर्यंत थांबवेना. इरम दुपारी कॉलेजातून येते, तिला गाठून खूण काढून घ्यावी आणि फखरूला कळूच द्यायचं नाही, असा कट करून मी मंगळवारी भर दुपारी त्याच्या गल्लीत शिरलो.

दोन्ही बाजूंचे कारखाने धडधडत होते. त्या आवाजात तुम्ही स्वतःचं बोलणं ऐकू शकत नाही. फखरूच्या दाराशी आलो आणि आवाज थांबला असं नाही, आजूबाजूचा होताच, पण मध्ये एक खड्डा होता. पायरी असेल असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं वाटलं. लाइट गेली म्हणावं तर शेजारचे चालू.

शेडची कडी लावलेली नव्हती. ढकललं.

आत काहीच नाही. वरचे पट्टे नाहीत, मोटारी नाहीत. कोब्यावर लूमच्या पायांच्या खुणा, ओळीने, आणि प्रत्येक दोन खुणांच्या मध्ये तेलाचा काळा डाग. कोपऱ्यात पोत्यावर मांजरी झोपलेली, पिल्लं आता मोठी, एक माझ्या चपलेशी खेळायला आलं.

मागून फखरू आला. "आज मंगळवार हाय," तो ओरडला.

"कधी?"

"तू गणपतीला घरी होतास ना. तेव्हा."

गणपतीत. त्यानंतरचे सगळे शुक्रवार मी त्या बाकावर बसलो होतो, या दाराला पाठ लावून, खारी नरम आहे म्हणून कुरकुरत. खारी नरम का, तर चहा प्यायला कामगार उरले नाहीत. एकच पाकीट आणलेलं माझ्यासाठी, कित्येक शुक्रवार पुरवलेलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस? बातमी लावली असतीस. 'भिवंडीत आणखी एक कारखाना बंद.' पान पाच, तळाला."

"पान तीनला लावली असती."

"बघ," तो म्हणाला.

मी खूप बोललो. ते इथे लिहिणार नाही. पाठशाळेत शिकलेलं त्यात काहीच नव्हतं. तो ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "बाकी रोज मी उठतो न् वाटतं, आवाज कुठे गेला. शुक्रवारी वाटत न्हाय. शुक्रवारी लूम बंदच असतात. तू यायचास, तुझ्यासाठी सगळं चालू होतं. उद्या शनिवार, उद्या लूम सुरू होणार, असं तुझ्या तोंडावर दिसायचं. तेवढं एक ठेवलं मी. दुसरं काय न्हाय."

"आणि आता?"

"यहया बोलवतोय." यहया त्याचा मुलगा, मस्कतला असतो. "फेब्रुवारीत जातोय आम्ही. इरमची परीक्षा झाली की तीपण."

"किती दिवस?"

तो मांजरीकडे बघत राहिला. मी निघालो. कुठली खूण काढायची होती ते इरमला सांगायचं राहिलं.

बुधवार, १० डिसेंबर

कोणाकोणाला माहीत होतं: हबीबाभाभी, इरम, एजाज, शेजारचे दोन्ही कारखानदार, बेकरीवाला, समोरचा पानवाला, आणि कमळा. माझ्या घरात, माझ्या ताटासमोर, कमळा.

"हबीबाने सांगतलं मना. शपथ घातली व्हती," कमळा म्हणाली.

"आणि मी?"

"तुमी पेपरवाले."

गल्लीच्या गल्ली त्याच्या बाजूने मतदान करून मोकळी झाली. मला साधं उभं राहायलाही बोलावलं नाही. इतका राग मला त्या कबुतरांचाही आला नव्हता. वार्ताहर म्हणवणारा माणूस बंद कारखान्याच्या दारात बसून आवाजावरून कळतं असं छापतो, आणि अख्खं गाव ते वाचून गप्प बसतं, दयेने. मला दया नको. मला कोणी तांदूळ पाठवू नयेत.

शुक्रवार, १२ डिसेंबर

गेलो नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर

गेलो नाही. पालिका निवडणुकीची धामधूम आहे, कामं आहेत. दुपारी तीन वेळा चप्पल घातली आणि काढली. कमळा म्हणाली, "चप्पल झिजंल."

मंगळवार, २३ डिसेंबर

नाक्यावर मुद्दाम एजाजच्या रिक्षात बसलो. भांडायला. बाकीच्या सीट भरू दिल्या नाहीत, सगळ्यांचे पैसे देतो म्हटलं.

"तू मला त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"मालिकने मना किया था, केसरीभाई."

"मालिक कसला आता? लूम नाहीत तर मालिक कसला?"

एजाजने आरशातून माझ्याकडे बघितलं. "लूम गेले म्हणून काय झालं? एकेकाला जागा बघून दिली त्यांनी. मला ही रिक्षा, त्यांच्या मामूच्या पोराची. दोघं शेजारच्या शेडमध्ये लागले, एकाला गोदामात चिकटवला. जो गावाला जाणार होता त्याच्यासाठी स्टेशनपर्यंत गेले. सगळ्यात शेवटी लूम विकले. आणि एकच गोष्ट मागितली आमच्याकडे: केसरीभाईला शुक्रवारी खेळू द्या." त्याने गिअर टाकला. "आप गुस्सा हो तो हो जाओ. पण आम्ही ना कशी म्हणणार होतो?"

मी उतरलो तेव्हा तो पैसे घेईना. मी ओरडून दिले.

शुक्रवार, २६ डिसेंबर

सकाळी इरमचा फोन. "काका, तो डाव तसाच आहे. तुमची चाल बाकी आहे. तुम्ही दाबल्याशिवाय पुढे जात नाही तो. अब्बा रोज कॉम्प्युटर चालू करून बघतात आणि बंद करतात."

गेलो. भांडण उरलेलं होतं, ते पुरं करायला गेलो असं कमळाला सांगितलं. तिने कोळंबीचं लोणचं बांधून दिलं. भांडायला जाणाऱ्याबरोबर कोणी लोणचं देत नाही हे तिला कोण सांगणार.

हबीबाभाभींनी खारी पुढे केली. कडक होती. बहुधा सकाळी मुद्दाम आणवली. मी दोन खाल्ल्या, त्यांनी तिसरी पुढे केली. फखरू नियमाप्रमाणे उठला आणि बाहेर बाकावर जाऊन बसला.

पडद्यावर सगळं जिथल्या तिथे होतं. पाच तारखेच्या शुक्रवारी आणखी सभा झाल्या होत्या, फखरूचे एकोणीस. पुढची सभा पुढच्याच चालीला. माझी चाल झाली की ती भरणार, त्याला विसावा गुण मिळणार, कबुतरं उडणार. माझ्या तोफा त्याच्या राजधानीला लागून उभ्या होत्या. एका चालीत काहीही होणार नव्हतं. खाली कोपऱ्यात पुढे जायचं बटण. मी त्याच्याकडे बघत बसलो. मग माऊस सोडला आणि बाहेर आलो. शेडचं दार उघडंच ठेवलेलं होतं आता, लपवायचं काही नव्हतं.

"झाली चाल?" फखरू ओरडला.

"विचार करतोय."

"कर. घाई न्हाय."

मी त्याच्या शेजारी बसलो. नियमाचा भंग होता: बाकावर दोघं, कॉम्प्युटरवर कोणीच नाही. पिल्लू त्याच्या मांडीवर चढलं. आजूबाजूचे सगळे कारखाने सुट्टीमुळे बंद होते, गल्ली गप्प होती, आणि थोडा वेळ खरंच वाटलं की उद्या शनिवार आहे.

"मांजरींना कोण बघणार?" त्याने विचारलं.

"मी मांजरं पाळत नाही."

"मला म्हायीत हाय," तो म्हणाला, आणि पिल्लू उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

अंधार पडायला निघालो. बटण दाबलं नाही. इरमला सांगितलं, असाच राहू दे.

घरी येऊन हे लिहितोय. अडीच आठवडे या वहीत राग राग लिहिलंय. मला फसवल्याचा, बातमी चुकल्याचा, मतं माझ्याविरुद्ध पडल्याचा. आज शोधला तर तो सापडत नाही, कधीचा संपलाय. मला भीती वाटते आहे. फेब्रुवारीत फखरू जाईल, तो परत येणार नाही, आणि मग शुक्रवारी दुपारी मी कुठे जायचं हे मला माहीत नाही.